सात हजार तीनशे फेरे

माभेंगूच्या अंगणात इंजिन उगाच रेटायचं नाही, असा दंडकच होता. काटलेहाँग वस्तीचे टॅक्सीवाले म्हणजे रस्त्यावर कुणाच्या बापाला न जुमानणारे गडी. पण तिच्या फाटकातून गाडी आत घेताना तेसुद्धा ॲक्सिलेटरवरचा पाय अलगद उचलायचे. एकदा एका नव्या ड्रायव्हरनं इंजिनाचं दुरुस्त केलेलं हेड बसवून झाल्या झाल्या गाडी घर्रकन वाजवून पाहिली. बाई हातातल्या पान्यासकट खिडकीशी येऊन उभी राहिली.

"बाळंतीण उठून बसली रे बसली की नाचायला नेतोस का तिला?"

त्या पोराचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही, पण ते वाक्य टॅक्सीच्या अड्ड्यावर अजून चालतं.

तिचं खरं नाव थोलाकेले. सासरचं आडनाव सिथोले. पण बाईला माहेरच्या आडनावानं हाक मारायची आमच्याकडची रीत, म्हणून भेंगूंची ही लेक सगळ्यांची माभेंगू झाली. न्कुथूच्या डोंगरातून लग्न होऊन ती काटलेहाँगला आली तेव्हा तिला गाडीत नुसतं बसता येत होतं, तेही उलटी न करता जेमतेम. नवऱ्याची एक टॅक्सी होती, सोळा माणसं कोंबायची. हॉस्टेलात राहणारे बाहेरगावचे कामगार आणि वस्तीवाले यांच्यात पेटलं, तेव्हा एका पळापळीत सिथोलेचा पाय मोडला. त्याच सुमाराला टॅक्सीचं इंजिनही बसलं. गॅरेजवाला कुलूप लावून गावी निघून गेलेला. घरात खाणारी तोंडं होती आणि दारात लोखंडाचा मुका गोळा.

मग सिथोले खिडकीशी पलंगावर पडून सांगायचा आणि माभेंगू अंगणात करायची. हा नट सोड, तो सोडू नकोस, आधी मधले, मग कडेचे. तिनं जुनी चादर पसरून तिच्यावर एकेक भाग काढला तसा ओळीनं मांडला. आठ व्हॉल्व्ह, आठ स्प्रिंगा, आठ टोप्या, लग्नातल्या भांड्यांसारख्या. एके दिवशी नवऱ्याचं सांगणं चुकलं आणि हिचं करणं बरोबर निघालं. तेव्हापासून तो सांगेनासा झाला आणि नुसता खिडकीतून बघत राहिला. बघता बघता हसायचा. "मी बायको आणली होती," म्हणायचा, "ही मिस्त्री निघाली."

गाडी सुरू झाली. शेजारच्या टॅक्सीवाल्यानं आपलं हेड आणून टाकलं, मग त्याच्या मेहुण्यानं. दंगे शमले, गॅरेजवाला परत आला, पण लोक काही तिच्याकडचे हलले नाहीत. सिथोले पुढे छातीच्या दुखण्यानं गेला. टॅक्सी विकून तिनं अंगणावर पत्रे घातले, व्हॉल्व्ह घासायचं यंत्र घेतलं आणि एकुलत्या एका मुलीला, नोक्वांडाला, नर्सिंगला घातलं.

या नोक्वांडानं नवरा पसंत केला तो वुकानी राडेबे. आठवडाभर तो बेकरीची व्हॅन चालवायचा आणि रविवारी गाडी गरगर फिरवायचा. आमच्याकडे याला खेळ म्हणतात, आणि खेळ आहेच. चौकोनी तोंडाची जुनी जर्मन गाडी, वस्तीच्या भाषेत गुशेशे, टायरांच्या भिंतीनं वेढलेल्या मैदानात सोडायची आणि मागच्या चाकांवर जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरवत ठेवायची. धुरात गाडी दिसेनाशी होते, टायर फुटतात, ड्रायव्हर चालत्या गाडीच्या दारातून अर्धा बाहेर लोंबतो आणि हजार माणसं ओरडत असतात. वुकानीला लोक 'वावटळ' म्हणायचे.

एरवी हा वावटळ फार गरीब स्वभावाचा. आणि सासूसमोर तर विचारूच नका. जुन्या चालीप्रमाणे जावयानं सासूच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, तिच्यासमोर जेवायचं नाही, तिच्या बाकावर टेकायचं नाही. सासूनंही जावयापुढे खांदे उघडे टाकायचे नाहीत. शहरात पुष्कळांनी हे सोडून दिलं होतं, पण माभेंगू न्कुथूची. आता बाई दिवसभर ऑइलनं माखलेल्या निळ्या डगल्यात, आणि जावई फाटकात उगवला की हिची धांदल. एक शाल तिनं खिळ्याला टांगूनच ठेवली होती. पत्र्याखाली दिवसभर बसून फुकटचे सल्ले देणारे बाबा मोकोएना, टॅक्सीतून निवृत्त झालेले, लांबूनच हाळी द्यायचे, "शाल! शाल! जावईबापू आले!" आणि ती काळ्या हातांनीच शाल ओढून घ्यायची. त्या शालीचा मूळ रंग कोणता, हे आता नोक्वांडालाही आठवत नव्हतं.

दोघांचं बोलणं व्हायचं ते नोक्वांडामार्फत. ती मध्ये उभी असायची, एकाकडे बघून ऐकायची आणि दुसऱ्याकडे बघून सांगायची. दोघांनाही सगळं ऐकू येत असायचं.

वुकानीच्या गुशेशेचं इंजिन माभेंगूनंच बांधलं होतं, लग्नाच्या वर्षी, जावयाला भेट म्हणून. सहा पिस्टन, बारा व्हॉल्व्ह, सगळं आतून नव्यासारखं. चालायचं लोण्यासारखं. मैदानावर लोक बोट दाखवायचे, हे माभेंगूच्या हातचं. तिच्या कानावर यायचं ते. रविवारी ती चर्चला जायची, मैदानाकडे कधी फिरकली नव्हती, पण ऐकून मान जराशी ताठ व्हायची.

तर एका संध्याकाळी जावई आला, शाल चढली, आणि त्यानं जमिनीकडे बघत बायकोला म्हटलं, "तुझ्या आईंना सांग, इंजिनाची हद्द वाढवून हवी आहे."

हद्द म्हणजे काय, तर गाडीच्या कॉम्प्युटरात एक आकडा भरलेला असतो. मिनिटाला तितके फेरे झाले की तो पेट्रोल तोडतो. इंजिन पुढे पळायचं म्हणालं तरी पळू देत नाही. याच्या गाडीचा आकडा होता साडेसहा हजार.

"दुसऱ्या गिअरमध्ये ऐन रंगात आलो की डुगडुग करून अडतं," वुकानी म्हणाला. "तिसरा टाकला तर चाकांचा जोर जातो. टेंबिसा वस्तीची पोरं माझ्याहून पाचशे फेरे जास्त घेतात. तेवढे मिळाले तर…"

नोक्वांडानं तोंड उघडायच्या आत माभेंगू म्हणाली, "सांग त्यांना, ज्या कंपनीनं इंजिन बनवलं तिनं विचार करूनच तिथं कुंपण घातलंय. पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नाही. कुंपण काढायचं तर आधी सगळं उघडून बघावं लागेल. माझ्याकडे टॅक्सींची रांग आहे. लोकांची पोटं आहेत त्यांच्यावर. गोल गोल फिरायला मला वेळ नाही."

शेवटचं वाक्य जरा लागेल असंच होतं, आणि ते लागलं. वुकानी तसाच फाटकाबाहेर पडला.

पण सप्टेंबरातला वारसा दिन जवळ आला होता. त्या दिवशी काटलेहाँगच्या मैदानावर सगळ्या वस्त्यांची पोरं येतात. वुकानीला धीर धरवला नाही. एल्डोराडो पार्कचा डेन्झिल म्हणून एक पोरगा होता, लॅपटॉप लावून गाड्यांच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचा. वुकानी त्याच्याकडे गेला. डेन्झिलनं त्याला बजावलं होतं, हे पुढे वुकानीनंच कबूल केलं. "भाऊ, मी सात हजार लिहितो, लिहायला मला दोन मिनिटं. पण आतल्या स्प्रिंगा आहेत त्याच आहेत. त्यांना कुणी विचारलंय का?" वुकानी म्हणाला, "तू लिही."

वारसा दिनाला माभेंगू रेल्वेलाइनच्या अलीकडे मैत्रिणीच्या अंगणात होती. निखाऱ्यांवर मांस, पातेल्यात पाप म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, बायकांची गाणी. मैदान लाइनच्या पलीकडे. गाड्यांचा आवाज सकाळपासून येत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मग एक आवाज आला आणि ती बोलता बोलता थांबली. पोटचं पोर दूरवर रडलं तरी आईला कळतं, तसं तिला कळलं. ते तिचं इंजिन होतं. चढत गेलं, जिथे अडायला हवं तिथे अडलं नाही, आणखी चढलं. ताटली हातात घेऊनच ती उभी राहिली.

"काय गं? मुंगी चावली का?" मैत्रिणीनं विचारलं.

"पाय काढ," माभेंगू म्हणाली. "पाय काढ त्याच्यावरून!"

पलीकडे कुणाला ऐकू जाणार होतं ते! आधी एक बारीक तडतड आली, तव्यावर मका फुटावा तशी. मग कडकड, आणि मग काहीच नाही. त्याच्या मागून लोकांचा मोठा "ओऽऽ" आला, कपाळाला हात लावल्यासारखा.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. मैदानावर टेंबिसाच्या कुणीतरी ओरडून म्हटलं होतं, "सासूबाईंचं इंजिन फुटलं रे! शाल पांघरा त्याला!" आणि सगळं मैदान हसलं होतं. ही बातमी बाबा मोकोएनांनी जशीच्या तशी आणून पोचवली, कारण बातमी अडवून ठेवणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

माभेंगू त्या रात्री जेवली नाही. तीस वर्षांत तिच्या हातचं एकही इंजिन दोरीला बांधून परत आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ते आलं. वुकानीनं मित्राच्या गाडीनं ओढत आणून पत्र्याखाली लावलं आणि फाटकाजवळ खाली मातीत बसला. बाईनं शाल घेतली. बॉनेट उघडलं. नोक्वांडा कामावर निघायच्या घाईत दोघांच्या मध्ये उभी.

"त्यांना सांग," वुकानी म्हणाला, "चूक माझी आहे."

"त्यांना सांग," माभेंगू म्हणाली, "ते दिसतंच आहे."

"त्यांना सांग की…"

"पुरे!" नोक्वांडा कडाडली. "दवाखान्यात चाळीस पेशंट वाट बघतायत माझी. तिथे मी सुया टोचते, इथे निरोप्याचं काम करते. तुम्ही दोघं एकाच वस्तूच्या प्रेमात आहात आणि बोलायला मी! बोला नाहीतर बसा असेच." आणि पिशवी खांद्याला लावून ती चालती झाली.

बाबा मोकोएना आपल्या काठीकडे बघत बसले. शेवटी वुकानी उठला आणि गाडीच्या बाजूला, दाराशी येऊन उभा राहिला. माभेंगू पुढे इंजिनावर वाकलेली. मध्ये उघडलेलं बॉनेट उभं, भिंतीसारखं. ना याला तिचं तोंड दिसत होतं, ना तिला याचं. चाल मोडली नव्हती आणि बोलायला वाट झाली होती.

"मा," बॉनेटच्या पलीकडून आवाज आला, "आत काय झालंय?"

"व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर तुटलाय. दोन व्हॉल्व्ह वाकले. एका पिस्टनच्या डोक्यात खड्डा पडलाय." ती एकेक वस्तू काढून चादरीवर ठेवत होती. "व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग त्याला मिटवते. तुम्ही एवढ्या जोरात पळवलंत की स्प्रिंगेला दार लावायला वेळच मिळेना. दार उघडं, आणि खालून पिस्टन आला धावत. दुसरं काय होणार?"

"डेन्झिलनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मीही सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलंत की गोल गोल फिरायला वेळ नाही."

पान्याचा आवाज थांबला. बाबा मोकोएनांनी श्वास आत ओढला तो तिथेच धरून ठेवला. आता काय होतंय! पण माभेंगू नुसतं म्हणाली, "बरं. सांगा मग. का हवेत ते पाचशे फेरे? नीट सांगा, मला कळेल असं."

आणि तो गरीब माणूस बोलायला लागला. गाडी फिरायला लागली की बाहेरचं सगळं पुसलं जातं, उरतो फक्त इंजिनाचा सूर. तो सूर चढत असतो तोवर गाडी हातात असते. तो अडला की गाडी खांदा पाडते, धूर विरळ होतो, लोकांचाही श्वास सुटतो. बेकरीच्या व्हॅनमध्ये तो आठवडाभर दुसऱ्यांच्या दारात पाव टाकतो, नाव कुणाला माहीत नसतं. मैदानात मात्र म्हाताऱ्या बायकासुद्धा त्याला नावानं हाक मारतात. आणि त्याच्या मागोमाग दुसरं नाव घेतात ते इंजिन बांधणारीचं.

"तुमचं ते नाव मीच घालवलं, मा," तो म्हणाला. "तेवढं परत आणायचंय. मग गाडी विकून टाकीन हवं तर."

"विकायचं कशाला बोलता? गाडी तुमची असेल, इंजिन माझं आहे." तिनं तुटलेला रॉकर उजेडात धरला. "खरं सांगू का? मी आजवर इंजिन होतं तिथे परत नेऊन ठेवलंय. होतं त्याच्या पुढे कधी नेलं नाही. मला येत नाही ते. शिकावं लागेल. त्या डेन्झिलला घेऊन या."

डेन्झिल आला तो आधी दबकतच आला. त्याला वाटलं बाई पान्यानं स्वागत करणार. बाईनं त्याला माग्विन्या, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, आणि चहा दिला आणि विचारलं, "तुझ्या त्या डब्यात काय लिहितोस ते मला दाखव." तो "आंटी, आंटी" करत दाखवू लागला. मग तिनं त्याला व्हॉल्व्ह घासून दाखवला. त्या पोरानं इंजिनांचे आकडे बदलून नाव कमावलं होतं, पण व्हॉल्व्हची बैठक बोटानं कधी चाचपली नव्हती. आणि हिनं बोटांनी शेकडो चाचपल्या होत्या, पण आकडा कधी पाहिला नव्हता. दोघांची गट्टी जमली. बाबा मोकोएना म्हणाले, "आता मला सल्ला द्यायला जागाच उरली नाही."

काम सोपं गेलं नाही. पहिल्यांदा तिनं मिळतील तितक्या कडक स्प्रिंगा घातल्या. महिनाभर चालवून उघडलं तर रॉकर हलवणाऱ्या कॅमवर ओरखडे. स्प्रिंग इतकी ताठर की तिनं कॅमच खायला घेतला. माभेंगू दिवसभर स्वतःवर चिडून होती. मग डेन्झिलनं स्प्रिंगेत स्प्रिंग अशी दुहेरी जोडी शोधून आणली, जरा मऊ, पण झटकन परत येणारी. रॉकर तिनं भंगारातल्या ढिगातून निवडले. प्रत्येक रॉकेलमध्ये बुडवायचा, पुसून कोरडा करायचा, वर खडूची पूड चोळायची आणि थांबायचं. कुठे केसाएवढी चीर असली तर आतलं रॉकेल पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ उमटली की तो रॉकर फाटकाबाहेर. वुकानी संध्याकाळी बेकरीतून यायचा, गाडीच्या दाराशी आपल्या जागी उभा राहायचा आणि खडू चोळायचा. बॉनेटच्या अलीकडून पलीकडून आता गप्पाही चालायच्या.

"मा, हा चांगला दिसतोय."

"दिसण्यावर जाऊ नका जावईबापू. माझी लेक तुमच्या दिसण्यावर गेली होती. बघा, निरोप सांगत बसली जन्मभर."

डेन्झिलनं आणखी एक गोष्ट काढली. गाडी गरगर फिरते तेव्हा खालच्या चेंबरातलं सगळं ऑइल एका बाजूला पळतं आणि पंप कोरडी हवा ओढतो. माभेंगूनं चेंबर खाली काढलं आणि आत पत्र्याच्या आडव्या भिंती जोडून घेतल्या, मेंढ्यांच्या वाड्यासारख्या. ऑइलनं पळायचं म्हटलं तरी फार लांब जाता येऊ नये.

मग आकडा वाढवायला घेतला, तोही तिच्या पद्धतीनं. पहिल्यांदा शंभर, पुढे दोनशेनं वाढवायचं, चालवायचं, उघडायचं, बघायचं. पुन्हा दोनशे. सात हजार झाले, सात हजार दोनशे झाले. वुकानीचा जीव वरखाली व्हायचा. टेंबिसाचा लेराटो, म्हणजे गेल्या वर्षीचा पहिला, साडेसात घेतो म्हणे. पण आता वुकानी घाई करा म्हणायचा नाही.

"उभ्या गाडीत ऐकून मला आता काही कळत नाही," एक दिवस ती म्हणाली. "फिरताना ऐकायला हवं. आतून."

वुकानीच्या हातातला खडू पडला. "आतून म्हणजे? कोण बसणार?"

"कोण म्हणजे? डेन्झिलला ऐकू येतं लॅपटॉपमधून. बाबा मोकोएना अर्धे बहिरे. राहिलं कोण?"

"माझ्या काळात," बाबा मोकोएना घशातल्या घशात म्हणाले, "सासू-जावई एका टॅक्सीत बसत नसत. एकानं उतरायचं."

"तुमच्या काळात टॅक्सी सरळ जायची," माभेंगू म्हणाली.

शनिवारी दुपारी एका बंद कारखान्याच्या सिमेंटच्या अंगणात गाडी नेली. माभेंगूनं डोक्यावरून शाल घेतली आणि मागच्या सीटवर, बरोबर वुकानीच्या पाठीमागे बसली. वुकानीनं समोरचा आरसा उचलून छताकडे फिरवला, आणि पाठमोराच म्हणाला, "मा, घट्ट धरा."

"मी कशालाही धरणार नाही. कान रिकामे पाहिजेत. चला."

पहिल्या गिरकीलाच तिनं पुढची सीट दोन्ही हातांनी कवटाळली. जमीन, भिंत, आभाळ, डेन्झिल, पुन्हा भिंत. शाल उडून कुठे गेली कळलं नाही. आणि मग, तिसऱ्या-चौथ्या गिरकीनंतर, बाहेरचं खरंच पुसलं गेलं. उरलं ते इंजिन. तिनं डोळे मिटले. बारा व्हॉल्व्ह, बारा दारं, उघडमीट, उघडमीट, इतकी भरभर की त्याचं एकच सूत झालं होतं, आणि त्या सुतात कुठेही गाठ नव्हती. सूर चढत गेला. जिथं पूर्वी अडायचा ते ठिकाण मागे गेलं. आयुष्यभर ज्या यंत्राला तिनं हळू चाल, जपून चाल म्हटलं होतं, ते तिच्या पाठीमागे, पुढे, छातीत, सगळीकडे गात होतं.

मग अगदी वरच्या टोकाला तिला काहीतरी लागलं. तडतड नव्हे, तडतडीची नुसती चाहूल.

"सोड!" ती ओरडली. "अरे सोड, पाय सोड, लेका!"

गाडी थांबली. धूर हळूहळू खाली बसला. वुकानी स्टिअरिंग धरून दगडासारखा बसला होता. सासूनं त्याला पहिल्यांदाच अरे म्हटलं होतं.

"आकडा किती होता?" तिनं विचारलं.

डेन्झिल धावत आला. "सात हजार चारशे, आंटी."

"शंभर मागे घे. हद्द सात हजार तीनशे."

"पण मा, लेराटो साडेसात…"

"लेराटोचा आकडा लोकांना सांगायला आहे. माझा इंजिनाला विचारून घेतलाय." एवढं म्हणून ती उतरली, चार पावलं गेली आणि भिंतीला हात टेकून चहा ओकली. तोंड पुसून वळली तेव्हा ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "पुन्हा एकदा चल," म्हणाली. "या वेळी नुसतं बसायला."

ईस्टरच्या सोमवारी मैदान भरलं. चर्च आटोपून माभेंगू तिथे पहिल्यांदाच आली, आणि यायचं तर लपूनछपून कशाला, म्हणून निळा डगलाच घालून आली. लोकांनी वाट करून दिली. टेंबिसाच्या घोळक्यातून कुणीतरी शालीचं काहीबाही बोललं. नोक्वांडानं वळून असं पाहिलं की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

वुकानीचा नंबर आला. गाडी मैदानाच्या मध्यावर गेली आणि फिरायला लागली. जिथे अडायची तिथे लोक सवयीनं थांबले, आता डुगडुग होणार म्हणून. झाली नाही. सूर पुढे निघाला. टायरांच्या भिंतीवर उभी असलेली पोरं खाली उतरून कान देऊन ऐकायला लागली. वुकानी दारातून बाहेर लोंबला, एका हातानं स्टिअरिंग, दुसरा हात जमिनीपासून वीतभर. धुराचा खांब उभा राहिला आणि त्या खांबाच्या पोटातून तो एकसंध सूर येत राहिला, न अडता, न अडखळता, दोन्ही टायर फुटून चाकांच्या ठिणग्या उडेपर्यंत.

"ऐकतेस ना?" नोक्वांडानं आईचा दंड धरला होता.

"मी काय ऐकू," माभेंगू म्हणाली, "मला पाठ आहे तो. तू ऐक."

नंबर काढताना पंचांनी लेराटोला पहिलं ठेवलं. त्याच्या कसरती अवघड होत्या हे खरंच होतं, वुकानीही तसंच म्हणाला. तो दुसरा आला. पण माइकवाल्यानं बोलायला बोलावलं तेव्हा वुकानीनं, लोकांसमोर दोन शब्द धड न बोलणाऱ्या माणसानं, माइक हातात घेतला. जमिनीकडे बघतच म्हणाला, "इंजिन फुटलं होतं ते माझ्या हातून. आज गायलं ते माझ्या सासूबाईंच्या हातचं. माभेंगू, सिथोलेंच्या घरच्या. त्या इथेच आहेत."

हजार माणसांनी मागे वळून पाहिलं. बायकांनी जिभा हलवून तो उंच ललकार काढला, लग्नात नवरीसाठी काढतात तसा. कुणीतरी तिच्या भेंगू घराण्याची बिरुदं म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्यानं उचलली, आणि मग सगळं मैदान म्हणू लागलं. माभेंगूला पुढे जावं लागलं. ती गाडीपाशी गेली. कुणाकडे न बघता बॉनेट उघडलं आणि गरम इंजिनावर तळहात धरला, ताप बघावा तसा. मग लोकांकडे वळून एकदाच मान हलवली. ठीक आहे म्हणून.

ईस्टरची सुट्टी संपली आणि दुसऱ्या दिवशी फाटकात गुशेशे उभी राहिली, पण ती वुकानीची नव्हती. लेराटो स्वतः उतरला. ऐटबाज पोरगा, जिंकलेला, डोळ्यांवर काळा चष्मा.

"मा, मलाही तुमच्यासारखा आवाज पाहिजे. माझी हद्द साडेसात आहे. ती आठपर्यंत न्या. येत्या रविवारी मला पोलोक्वानेला फिरवायची आहे."

"उघडून बघेन," माभेंगू म्हणाली. "मग इंजिन सांगेल ते. साडेसातवरून खालीसुद्धा आणेन कदाचित."

"खाली? मी पहिला आलोय मा!"

"तू आलास पहिला. इंजिनाला कुणी विचारलंय?"

लेराटोनं चष्मा काढला. आजूबाजूला पाहिलं. टॅक्सीवाले गालात हसत होते. वुकानी आज सुट्टी टाकून आला होता आणि बाकावर, सासूच्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून, खडू चोळत बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "ऐक त्यांचं, भाऊ. त्या तीन टॅक्सींच्या मागे लाव गाडी. रविवारी पोलोक्वाने नाही झालं तरी पुढे मैदानं पुष्कळ आहेत."

लेराटोनं चष्मा खिशात टाकला. मग गाडीत बसला, आणि इंजिन अगदी हळू, आवाज न करता, रांगेच्या शेवटी नेऊन लावलं.